जेसीबी नावाचा माणूस

फर्स्ट इयरच्या व्हायवात सरांनी मला जेसीबीचा फुल फॉर्म विचारला होता. मी ठोकून दिलं, जे फॉर जॅक, सी फॉर क्रेन... आणि बी ला अडकलो. सर पोट धरून हसले. जेसीबी हे मशीनचं नव्हे, माणसाचं नाव आहे हे मला त्या दिवशी कळलं. जोसेफ सिरिल बॅमफर्ड. मित्रांनो, हसू नका, आपल्यातल्या निम्म्या जणांना आजही हे माहीत नसेल!

हा जोसेफ १९१६ साली इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यातल्या अटॉक्सिटर गावी जन्मला. घरचा शेती अवजारांचा कारखाना होता. म्हणजे आयती गादी. पण दुसऱ्या महायुद्धानंतर घरच्या कारखान्यात त्याचं काही जमलं नाही. तो बाहेर पडला. २३ ऑक्टोबर १९४५ ला त्याने गावातच १२ बाय १५ फुटांचं एक गॅरेज आठवड्याला ३० शिलिंग भाड्याने घेतलं. आपल्या हॉस्टेलच्या खोलीएवढीच जागा! त्याच दिवशी त्याला मुलगा झाला. खिशात पैसे नाहीत, घरात तान्हं बाळ आणि हातात एक जुना वेल्डिंग सेट.

त्याने पहिली वस्तू काय बनवली असेल? ट्रॉली. युद्धातून उरलेल्या भंगारातून मागे उलटणारी शेतीची ट्रॉली. गावच्या बाजारात ती ४५ पौंडांना विकली गेली, शिवाय घेणाऱ्याची जुनी गाडी बदल्यात मिळाली. पठ्ठ्याने तीही ठाकठीक करून ४५ पौंडांनाच विकली.

पुढे १९४८ मध्ये त्याने ट्रॉलीला हायड्रॉलिक बसवलं. हौदा हाताने उचलायची कटकट गेली. १९५० मध्ये रोसेस्टर गावातल्या चीजच्या जुन्या कारखान्यात बिऱ्हाड हलवलं. १९५३ मध्ये नॉर्वेत खोदाईचं एक हलकं यंत्र बघून त्याच्या डोक्यात आलं, की ट्रॅक्टरच्या मागे खोदणारा हात आणि पुढे भरणारं बकेट, दोन्ही एकाच मशीनवर का नको? झाला आपला ओळखीचा जेसीबी तयार. ड्रायव्हरला चहा मिळावा म्हणून त्याने केबिनमध्ये किटलीसाठी सॉकेटसुद्धा दिलं. १९६४ मध्ये कामगारांना अडीच लाख पौंड बोनस वाटला, तोही स्वतः शेतीच्या ट्रेलरवर उभं राहून. १९७५ मध्ये त्याच मुलाच्या हाती कंपनी देऊन तो बाजूला झाला. २००१ मध्ये वारला.

त्याच्या निवृत्तीनंतर दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, कंपनीचं लोडऑल आलं. त्याची गंमत मला आपल्या नव्या हॉस्टेलच्या साइटवर कळली. पावसाळ्यात कुणीतरी गोडाऊनमधली साधी फोर्कलिफ्ट विटा उतरवायला आणली आणि ती चिखलात रुतली. आम्ही दहा जणांनी ढकलली, तरी ढिम्म. बारीक चाकं, जमिनीला टेकलेलं पोट, तिला गुळगुळीत फरशीच लागते. दुसऱ्या दिवशी लोडऑलसारखंच मशीन आलं. मोठे, खोल नक्षीचे हवेचे टायर, चारही चाकांना ताकद, पोट जमिनीपासून चांगलं उंच. साधी फोर्कलिफ्ट माल सरळ वर उचलते; याचा बूम दुर्बिणीसारखा लांब होऊन चिखलापलीकडे, दुसऱ्या मजल्यावर पॅलेट ठेवतो. पण फुकट काही नसतं. बूम जितका लांब, तितकं वजन कमी उचलायचं, नाहीतर पुढच्या चाकांवर मशीन पालथं. वजन गुणिले अंतर, आपल्या मेकॅनिक्सचा पहिलाच धडा! म्हणूनच केबिनमध्ये लोड चार्ट लावलेला असतो. उतारावर तर आणखी जपावं लागतं, कारण गुरुत्वमध्य चाकांच्या बाहेर गेला की संपलं.

आता खरं सांगतो, हे सगळं मी का लिहितोय. माझ्या बाबांचं गावी फॅब्रिकेशनचं शेड आहे. पत्र्याचं, साधारण त्या गॅरेजएवढंच. ते काय बनवतात? ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या. चार वर्षं हॉस्टेलवर मी सगळ्यांना बाबांचा बिझनेस आहे एवढंच सांगत आलो. वेल्डिंग हा शब्द तोंडातून निघाला नाही. बाबा एकदा भेटायला आले, तेव्हा त्यांच्या हातावरचे ठिणग्यांचे डाग कुणाला दिसू नयेत म्हणून मी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. ते काही बोलले नाहीत. लाडवांचा डबा दिला आणि एसटी पकडली.

बॅमफर्डची गोष्ट वाचली त्या रात्री मला तो डबा आठवला. बॅमफर्ड मोठा झाला म्हणून सगळेच ट्रॉलीवाले मोठे होतात असं नाही, हे मलाही कळतं. बाबांची कंपनी काही होणार नाही. पण अँगल कापून, चॅनेल जोडून चाकांवर उभी राहणारी वस्तू करणं ही लाज वाटायची गोष्ट नव्हती. माझंच गणित चुकलं होतं.

कॅम्पसमध्ये माझं अजून काही झालेलं नाही. या सुट्टीत घरी जाऊन बाबांना एक प्रश्न विचारायचाय. त्यांच्या ट्रॉलीचा हौदा किती वजनाला, किती कोनात उलटतो? चार वर्षांत हे मी कधी विचारलंच नाही.