थोर शास्त्रज्ञ लुई पाश्चर

जगात अनेक थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. कोणी विजेचा दिवा शोधून काढला, कोणी आगगाडीचे इंजिन तयार केले. एका शास्त्रज्ञाने मात्र पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यापासून माणसाला वाचवण्याचा उपाय शोधला. त्यांचे नाव लुई पाश्चर. मित्रांनो, आज मी तुम्हांला त्यांची माहिती सांगणार आहे. आमच्या वर्गात कोणी शिवाजी महाराजांवर लिहिले, कोणी सावित्रीबाईंवर, कोणी बाबासाहेबांवर. मी पाश्चर का निवडले ते शेवटी सांगीन. त्यात आमच्या वाघ्याचा संबंध आहे.

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्स देशातील दोल या गावी झाला. त्यांचे वडील आधी नेपोलियनच्या सैन्यात शिपाई होते. नंतर ते कातडी कमावण्याचा धंदा करू लागले. घरची परिस्थिती साधारणच होती. लुई लहान असतानाच ते सगळे आर्ब्वा या गावी राहायला आले. लुई अभ्यासात फार हुशार म्हणून गाजलेला नव्हता. तो सावकाश अभ्यास करायचा, पण नीट समजून करायचा. त्याला चित्रं काढायचा फार नाद होता. त्याने आपल्या आईचं रंगीत चित्र काढलं होतं.

लुई आठ वर्षांचा असताना, १८३१ साली, त्याच्या गावच्या बाजूला एक पिसाळलेला लांडगा आला. तो दिसेल त्याला चावत सुटला. तेव्हा त्यावर औषध नव्हते. चावलेल्या माणसाला लोहाराकडे न्यायचे आणि भट्टीत लाल केलेल्या सळईने जखम डागायचे. लोहाराचं दुकान लुईच्या घराजवळच होतं. तिथे माणसं कशी ओरडत होती ते त्याने पाहिलं. एवढं सोसूनही बरीच माणसं मेली. ही गोष्ट लुई जन्मभर विसरला नाही.

पुढे तो शिकायला पॅरिसला गेला. पण त्याला घरची इतकी आठवण यायला लागली की वडिलांनी येऊन त्याला परत नेले. म्हणजे एवढा मोठा शास्त्रज्ञसुद्धा लहानपणी घरासाठी रडला होता. नंतर तो पुन्हा पॅरिसला गेला आणि रसायनशास्त्र शिकला. ते डॉक्टर नव्हते, हे लक्षात ठेवा. त्याचे काम पुढे आहे. १८४९ साली त्यांचे लग्न झाले. त्यांच्या पत्नीचे नाव मारी. त्या त्यांना लिखाणाच्या कामात मदत करीत.

दूध का नासतं, दारू आंबट का होते, याचा शोध पाश्चरांनी घेतला. हवेत आणि सगळीकडे डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात, ते हे करतात, असे त्यांनी सिद्ध केले. पदार्थ ठरावीक उष्णतेपर्यंत तापवला की जंतू मरतात आणि तो टिकतो. दुधाच्या पिशवीवर पाश्चराइज्ड असा शब्द छापलेला असतो. तो यांच्याच नावावरून आला आहे. घरी पिशवी असेल तर बघा.

पण त्यांच्यावर दुःखही फार आली. त्यांना पाच मुलं होती. त्यांतल्या तीन मुली लहानपणीच वारल्या. दोघी तर विषमज्वराने गेल्या. १८६८ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि डावी बाजू लुळी पडली. तेव्हा ते ४५ वर्षांचे होते. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. ते मात्र पाय ओढत प्रयोगशाळेत जात राहिले. त्यांची सगळ्यांत मोठी कामं त्यानंतरच झाली.

पहिल्यांदा त्यांनी कोंबड्यांच्या रोगावर लस शोधली. रोगाचे जंतू कमजोर करायचे आणि तेच शरीरात सोडायचे. मग शरीर त्या जंतूंशी लढायला शिकते. खरा रोग आला तर तो अंगाला लागत नाही. यालाच लस म्हणतात. त्यानंतर त्यांनी मेंढ्यांच्या काळपुळी रोगावर लस केली. आपल्याकडे गुरांच्या या रोगाला फाशी म्हणतात. लोक हसले. मग १८८१ साली त्यांनी सगळ्यांसमोर प्रयोग केला. २४ मेंढ्यांना लस टोचली आणि २४ मेंढ्यांना नाही टोचली. नंतर सगळ्यांच्या अंगात रोगाचे जंतू सोडले. २ जूनला बघायला खूप गर्दी जमली. लस टोचलेल्या मेंढ्या चरत होत्या. न टोचलेल्या सगळ्या मेंढ्या संध्याकाळपर्यंत मेल्या. त्यानंतर कोणी हसलं नाही.

आता मुख्य गोष्ट. पाश्चरांना लहानपणचा तो लांडगा आठवत होताच. त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्यांच्या रोगाचा अभ्यास सुरू केला. या रोगाला रेबीज म्हणतात. तो कुत्र्याच्या लाळेत असतो. कुत्रं चावलं की तो जखमेतून शिरतो आणि मज्जातंतूंमधून हळूहळू मेंदूकडे जातो. तो मेंदूत पोचून लक्षणं दिसायला लागली की मग माणूस सहसा वाचत नाही. आजसुद्धा वाचत नाही. रोगी पाण्याला घाबरतो. या रोगाचा जंतू इतका बारीक आहे की पाश्चरांच्या सूक्ष्मदर्शकातूनही तो दिसला नाही. तरी त्यांनी हार मानली नाही. ते आणि त्यांचे सहकारी रू पिसाळलेल्या कुत्र्यांजवळ जाऊन काम करीत. चुकून चावलं तर मरणच होतं.

त्यांनी रोगी सशाच्या पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू काढून बाटलीत टांगून वाळवला. जितके दिवस तो वाळेल तितका रोग कमजोर होई. १४ दिवस वाळवला की त्यातले विष गेलेले असे. कुत्र्याला आधी असा कमजोर, मग रोज थोडा जास्त जोराचा, असं टोचत गेले. ती कुत्री पिसाळली नाहीत. १८८४ साली सरकारने नेमलेल्या समितीने स्वतः पाहून खात्री केली.

म्हणजे पाश्चरांनी पहिल्यांदा वाचवली ती कुत्री. सगळ्या कुत्र्यांना लस टोचली तर माणसाला रोग होणारच नाही, हे त्यांना कळत होतं. पण एकट्या पॅरिस शहरात हजारो कुत्री होती. एकेका कुत्र्याला बरेच दिवस टोचावे लागे आणि त्यासाठी सशांवर ससे लागत. एवढे ससे, एवढी माणसं, एवढा पैसा कोठून आणायचा? ते शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी दुसरा विचार केला. चावल्यानंतर रोग मेंदूत पोचायला बरेच दिवस लागतात. तेवढ्यात माणसालाच लस टोचली तर?

६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर नावाच्या मुलाला घेऊन त्याची आई पाश्चरांकडे आली. तो ९ वर्षांचा होता, म्हणजे आमच्याच वर्गात शोभला असता. दोन दिवसांपूर्वी त्याला पिसाळलेले कुत्रे चावले होते. अंगावर १४ जखमा होत्या. माणसावर ही लस अजून नीट तपासलेली नव्हती. टोचली आणि मुलगा मेला तर? नाही टोचली तरी तो मरणारच, असे वाटत होते. पाश्चर डॉक्टर नव्हते, म्हणून सुई त्यांना टोचता येत नव्हती. ती ग्रँशे नावाच्या डॉक्टरांनी टोचली. दहा दिवसांत १३ वेळा टोचली. जोसेफ दिवसा प्रयोगशाळेतल्या सशांशी खेळायचा आणि रात्री झोपायचा. पाश्चरांना मात्र झोप लागत नव्हती. जोसेफ वाचला! मोठेपणी तो पाश्चरांच्याच संस्थेत पहारेकरी झाला.

त्याच वर्षी ज्युपिल नावाचा १५ वर्षांचा धनगर मुलगा आला. पिसाळलेलं कुत्रं लहान पोरांवर धावून आलं, तेव्हा पोरांना पळायला सांगून हा एकटा त्याच्याशी लढला. त्याने चाबकाच्या वादीने कुत्र्याचं तोंड बांधलं आणि लाकडी बुटाने त्याला मारलं. तोही वाचला. कुत्र्याशी लढणाऱ्या ज्युपिलचा पुतळा पॅरिसला त्या संस्थेच्या आवारात आहे.

पण लुईज नावाची मुलगी वाचली नाही. ती १० वर्षांची होती. माझ्याएवढीच. तिला डोक्याला चावलं होतं आणि आणलं ३७ दिवसांनी. उशीर झाला आहे हे पाश्चरांना माहीत होते. ती गेली तर लोक लसीलाच नावं ठेवतील हेही माहीत होते. तरी त्यांनी तिला परत पाठवली नाही. तिच्या शेवटच्या दिवसांत ते तिच्या उशाशी बसत. हे वाचून मला फार वाईट वाटलं. त्याचं कारण पुढे आहे.

नंतर देशोदेशीच्या लोकांनी वर्गणी दिली आणि १४ नोव्हेंबर १८८८ रोजी पॅरिसला पाश्चर संस्था सुरू झाली. १४ नोव्हेंबर म्हणजे आपला बालदिन. तिथेच काम केलेले हाफकिन नावाचे शास्त्रज्ञ १८९३ साली भारतात आले. मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा १८९७ साली त्यांनी प्लेगची लस केली आणि आधी स्वतःला टोचून घेतली. मुंबईत परळला हाफकिन संस्था आहे, ती त्यांच्याच नावाची. लुई पाश्चर २८ सप्टेंबर १८९५ रोजी वारले. तो दिवस जगभर रेबीज दिन म्हणून पाळतात.

आता वाघ्याची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एक कुत्र्याचं पिल्लू आलं होतं. मी त्याला भाकरी टाकायची. शेजारचा दुसरीतला मुलगा आणि मी त्याच्याशी खेळत होतो. ते त्याच्या पोटरीला चावलं. थोडंच रक्त आलं. पिल्लूच तर आहे, त्याला काय होतंय, असं आम्हांला वाटलं. घरी मार बसेल म्हणून त्याने सांगितलं नाही. पिल्लू मीच आणलं होतं, म्हणून मी पण सांगितलं नाही. दोन दिवसांनी ते पिल्लू लाळ गाळायला लागलं आणि कोपऱ्यात जाऊन बसलं. मग मला भीती वाटली. मी शाळेत बाईंना सांगितलं. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी लगेच त्याची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुतली आणि त्याच्या आईला बोलावून दोघांना आरोग्य केंद्रात नेलं. ते पिल्लू मेलं. तो मुलगा आज भित्तिपत्रक बघायला आला आहे. जोसेफला दोन दिवस झाले होते, आम्हांलाही दोनच दिवस झाले होते. मी ३७ दिवस गप्प बसले असते तर?

माझी आजी म्हणते, तिच्या वेळी कुत्रं चावलं की लोक मिरची-चुना लावायचे आणि पोटात १४ इंजेक्शनं घ्यायची म्हणून दवाखान्यात जायला भ्यायचे. ती जुनी लस आता बंद झाली आहे. आता दंडावर टोचतात. जखमेला मिरची-चुना लावायचा नसतो.

नंतर आम्ही वाघ्याला आणलं. बाबा म्हणाले की लस टोचली तरच तो घरात राहील. आजी म्हणाली, कुत्र्यावर कसले पैसे घालवता? मग मी पाटीवर हिशेब केला. शेजारच्या मुलाला इंजेक्शनं सरकारी दवाखान्यात फुकट मिळाली, पण पहिल्या, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी जावं लागलं. चार खेपा, दोघांचं एसटीचं भाडं, त्याच्या आईची चार दिवसांची मजुरी बुडाली, त्याची चार दिवस शाळा बुडाली. आणि सगळ्या घराला घोर लागला, तो पाटीवर मांडता येत नाही. वाघ्या तीन महिन्यांचा झाल्यावर आम्ही त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. माझ्या आईच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा कमी पैशांत लस झाली. पहिल्या वर्षी थोड्या दिवसांनी परत एकदा टोचतात आणि मग दर वर्षी एकदा. आजीने हिशेब पाहिला. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या वेळी वाघ्याला धरून तीच बसली होती.

पाश्चरांच्या वेळी एका कुत्र्याला टोचायला कितीतरी दिवस आणि कितीतरी ससे लागायचे, म्हणून त्यांना सगळी कुत्री टोचता आली नाहीत. आता एका सुईत काम होतं. गावातल्या १०० कुत्र्यांपैकी ७० कुत्र्यांना लस टोचलेली असली तरी रेबीज पसरत नाही, असं शास्त्रज्ञ सांगतात. म्हणजे पाश्चरांना जे जमलं नाही ते आपल्या गावाला जमू शकतं.

पालकहो, तुमच्या घरी कुत्रा किंवा पिल्लू असेल तर त्याला लस टोचून घ्या. आणि मित्रांनो, कुत्रं चावलं, ओरखडलं, तर मार खायला लागला तरी चालेल, पण त्याच दिवशी घरी सांगा.

अशा या थोर शास्त्रज्ञाला माझे शतशः प्रणाम.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी