मंगळसूत्र विकून चाललेली मेस

मेसच्या जेवणावर वैतागलाय? मग साताऱ्याचं हे बोर्डिंग बघाच.

भाऊराव पाटील आधी किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडायचे. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग. खेड्यातली सगळ्या जातींची पोरं तिथे एकाच पंगतीत जेवायची, फीऐवजी अंगमेहनत करून शिकायची. तरी पैसे पुरेनात. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही गेलं, पोरांच्या धान्यासाठी! भाऊरावांना आपण कर्मवीर म्हणतो. या बाईंना काय म्हणायचं, मला अजून सुचलेलं नाही.

१९४७ मध्ये संस्थेने साताऱ्यात शिवाजी कॉलेज काढलं. तिथेही ‘कमवा आणि शिका’च. ते बघायला लक्ष्मीबाई मात्र नव्हत्या.