ओवीला शरण आलेला परदेशी : ख्रिस्तपुराणकार फादर स्टीफन्स

मार्गशीर्षातील पौर्णिमेला दत्तजन्माचा पाळणा हलतो आणि त्याच्या मागेपुढे ख्रिस्ती बांधवांचा नाताळ येतो. गेल्या वर्षी दत्तजयंतीच्या कीर्तनासाठी आम्ही पुण्यास कोथरूडला गेलो होतो. आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली आणि ज्यांच्या घरी आमचा मुक्काम होता त्या घरच्या आजी समोर येऊन बसल्या. त्यांचे कुलदैवत श्रीमंगेश. त्यांनी आम्हांस विचारले की, ज्या राजवटीमुळे आमच्या देवाला मूळ स्थान सोडावे लागले, त्या राजवटीच्या आश्रयाला आलेल्या पाद्र्यांमध्ये आपण नमस्कार करावा असा कोणी होता काय?

प्रश्न साधा नव्हता. आम्हीही तारुण्यात याच कारणाने एक ग्रंथ हाती घेण्याचे टाळले होते. तो ग्रंथ म्हणजे ख्रिस्तपुराण, आणि त्याचे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स. त्या रात्री आजींना जे सांगितले, तेच नाताळाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात, बुश्टन या गावी झाला. वडील व्यापारी होते. त्या काळी इंग्लंडात एलिझाबेथ राणीचे राज्य होते आणि रोमच्या धर्मपीठाला मानणाऱ्यांना आपली उपासना उघडपणे करण्याची बंदी होती. स्टीफन्स यांचे स्नेही थॉमस पाउंड यांनी या निष्ठेपायी सुमारे तीस वर्षे तुरुंगात काढली. स्टीफन्स मात्र रोमला पोहोचले आणि १५७५ साली जेझुइट संघात दाखल झाले. स्वदेशात ज्याची पूजा निषिद्ध ठरली, असा हा मनुष्य होता, हे पुढील कथेसाठी ध्यानात ठेवावे.

४ एप्रिल १५७९ रोजी ते लिस्बन बंदरातून जहाजात बसले. आफ्रिकेला वळसा घालून, वारा पडणे, वादळे आणि खलाशांची रोगराई सोसत सहा महिन्यांहून अधिक काळाने, २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. या प्रवासाचा वृत्तांत त्यांनी वडिलांना पत्राने कळविला आणि तो पुढे इंग्लंडात छापून प्रसिद्ध झाला. मायदेश मात्र त्यांना पुन्हा दिसला नाही. उरलेली चाळीस वर्षे त्यांनी गोव्यात, मुख्यतः सासष्टी प्रांतात काढली.

ही सासष्टी कोणती? जिच्या कुशस्थळीहून १५६० मध्ये श्रीमंगेश नदीपलीकडे प्रियोळास गेले आणि जिच्या केळशीहून श्रीशांतादुर्गा कवळ्यास गेली, तीच ही भूमी. १५६७ च्या सुमारास तेथील अडीचशेहून अधिक देवळे पाडली गेली. त्यानंतर बारा वर्षांनी स्टीफन्स आले. देवळे त्यांनी पाडली नाहीत; परंतु ज्या सत्तेने ती पाडली तिच्याच छत्राखाली, स्वधर्माचा प्रसार करण्याच्या हेतूनेच ते आले होते. हे झाकून त्यांची स्तुती करणे आम्हांस योग्य वाटत नाही.

१५८३ साली सासष्टीतील कुंकळ्ळी गावी लोकांचा क्षोभ उसळला आणि पाच जेझुइट मारले गेले. त्यांचे देह मिळवून त्यांचे दफन करण्याच्या कामी स्टीफन्स होते. पुढे पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात नेऊन त्यांचा घात केला. अशा रक्ताने भिजलेल्या मातीत या माणसाने आपले पुढील आयुष्य घालविले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरातील एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. नाताळापूर्वीचे सुमारे चार आठवडे ख्रिस्ती लोक आगमनकाल म्हणून पाळतात. संयम, प्रार्थना आणि प्रतीक्षा यांचा तो काळ. आपल्याकडे धनुर्मासात पहाटेच्या पूजेचे जे महत्त्व, तसेच काहीसे त्याचे महत्त्व. त्या दिवसांत राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे दोन सोबती असे चार इंग्रज हेरगिरीच्या संशयावरून होर्मुझला पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात पडले होते. ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्स यांच्या पंथाला बंदी होती, त्याच राणीचे हे प्रजाजन. तरीही स्टीफन्स यांनी एका फ्लेमिश पाद्र्याच्या साह्याने त्यांच्यासाठी दोन हजार डुकाटांचा जामीनदार मिळवून दिला आणि डिसेंबरातच ते बंदीतून बाहेर आले. सणाची तयारी म्हणतात ती हीच, असे आम्हांस वाटते.

एरवी त्यांचा दिवस संघाच्या कडक नियमाने बांधलेला असे. रोज एक तास ध्यान, त्यानंतर मिस्सा आणि दिवसातून दोनदा स्वतःच्या वर्तनाची झडती. मग मुलांना धर्मशिक्षण देणे, आजाऱ्यांकडे जाणे आणि पश्चात्ताप सांगावयास आलेल्यांचे ऐकणे. परक्या भाषेत मनुष्य आपले पाप सांगत नाही. तो मातृभाषेतच रडतो. म्हणून शिकवावयास आलेल्या या गुरूला आधी विद्यार्थी व्हावे लागले.

ते कोकणी शिकले, मराठी शिकले. १५८३ च्या ऑक्टोबरात भावास लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांशी मिळतीजुळती असल्याचे नमूद केले. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यास संस्कृतविषयी तसाच विचार मांडला तो १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर. स्टीफन्स यांनी कोकणीचे व्याकरण रचले. ते त्यांच्या पश्चात १६४० मध्ये छापले गेले. प्रश्नोत्तररूपाने लिहिलेली त्यांची कोकणी धर्मपुस्तिका १६२२ साली रायतूरच्या मठात छापली गेली.

परंतु त्यांचे खरे जीवितकार्य ख्रिस्तपुराण. त्याचा प्रारंभच अंतःकरणाला भिडणारा आहे. धर्मांतर केलेला एक ब्राह्मण पाद्रीगुरूस विनवितो की, पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत, तर त्यांच्या ठायी आम्हांस ऐकावयास दुसरे काही द्या. वाचकहो, या मागणीत केवढी पोकळी दडली आहे! देऊळ गेले, पोथी गेली, सायंकाळचे श्रवण गेले. पण कानांची भूक गेली नाही. ती भूक स्टीफन्स यांनी ओळखली आणि सुमारे अकरा हजार मराठी ओव्या रचल्या. आरंभी आपल्या संतकवींच्या परिपाठाप्रमाणे परमेश्वराला नमन आहे, स्वर्गाला ते वैकुंठ म्हणतात आणि मराठी भाषेची थोरवी रत्न, फूल, पक्षी, वृक्ष यांच्या उपमांनी गातात. पैठणास श्रीएकनाथमहाराजांनी १५९९ मध्ये देह ठेवला, तेव्हा हा परदेशी पाद्री ओवीच्याच उंबरठ्यावर बसलेला होता.

या भक्तीची कसोटी १६०८ च्या डिसेंबरात लागली. परंपरेने तुकोबांच्या जन्माचे मानले जाणारे हेच वर्ष. नाताळ तीन आठवड्यांवर आला असताना, ५ डिसेंबरला, स्टीफन्स यांनी रोमला आपल्या संघप्रमुखांस पत्र लिहून विनंती केली की, येथील ग्रंथ येथल्याच लिपीत छापण्याची अनुज्ञा मिळावी. जोडाक्षरांसह सहाशे खिळे लागतात, ते दोनशेंवर आणता येतील, असा हिशेबही त्यांनी मांडला. आठ वर्षांनी, १६१६ मध्ये, ग्रंथ रायतूरला छापून निघाला, तो मात्र रोमन अक्षरांत! पोटच्या मुलीला परक्या वेषात सासरी धाडावे, तसेच हे झाले. १६१९ साली गोव्यातच त्यांचा अंत झाला.

पुराण पुढे १६४९ व १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. त्या प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या, परंतु चर्चमध्ये आणि घरोघरी ओव्यांचे वाचन होत राहिले. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकांच्या बोलीवरच बंदी घातली, तरी हस्तलिखिते जपली गेली. त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला ग्रंथ पुन्हा छापला. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडन विद्यापीठाच्या प्राच्यविद्या संस्थेतही सापडले. आणि १६०८ ची ती अपुरी राहिलेली विनंती कोठे पुरी व्हावी? पुण्यात! १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी संपादिलेले ख्रिस्तपुराण देवनागरीत प्रसिद्ध झाले, ते आपल्या भाविक घरांना सुपरिचित अशा प्रसाद प्रकाशनाकडून. मृत्यूनंतर तीन शतके लोटल्यावर हा पाद्री मराठी अक्षरांत मराठी वाचकांच्या हाती आला, तोही देवधर्माची पुस्तके काढणाऱ्यांच्या हातून.

आजींना आम्ही शेवटी एवढेच म्हणालो की, मंगेशाचे मूळ स्थान गेले याचे दुःख विसरण्याचे कारण नाही आणि स्टीफन्स यांच्या पदरी त्या सत्तेचे मीठ होते हेही खोटे नाही. तथापि ज्याची स्वतःची पूजा स्वदेशात बंद पडली होती, त्याने येथे येऊन आपल्या भाषेपुढे मस्तक नमविले. सत्ता जिंकावयास आली होती, परंतु तिच्याबरोबर आलेला हा मनुष्य मात्र ओवीकडून जिंकला गेला. आपण नमस्कार करावयाचा तो त्या नमलेल्या मस्तकाला.

आजी काही वेळ स्वस्थ बसल्या. मग त्यांनी विचारले की, त्या पोथीत बाळजन्माचे आख्यान आहे काय? दुसऱ्या पुराणात आहे, असे आम्ही सांगितले. दत्ताचा पाळणा अजून सोडलेला नव्हता. उद्या सकाळी त्यातील थोडे वाचून दाखवा, असे त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी देवपूजा आटोपल्यावर आम्ही ते वाचले.