विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (जन्म : वरसई, २४ जून १८६३, मृत्यू : धुळे, ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाशास्त्रज्ञ, व्युत्पत्तिकार व समाजशास्त्रीय विषयांवरील लेखक होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे २२ खंड त्यांनी संपादित केले. ज्या विधानाला अस्सल कागदाचा आधार नाही त्याला इतिहास म्हणू नये, हा आग्रह मराठीत रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने त्यांच्याकडे जाते. युरोपीय तत्त्वज्ञानात अनुभववाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या विचाराचे इतिहासलेखनातील हे मराठी रूप म्हणता येईल. मात्र राजवाडे त्या विचाराला सर्वत्र चिकटून राहिले नाहीत, हेही त्यांच्या उत्तरायुष्यातील लेखनावरून दिसते.

बालपण व शिक्षण

राजवाडे यांचा जन्म सध्याच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडील लवकर वारल्याने त्यांचे बालपण आजोळच्या व नातलगांच्या आश्रयाने गेले. निरुक्ताचे अभ्यासक वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे त्यांचे वडील बंधू होत. पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातून ते बी. ए. झाले. नेमलेल्या पुस्तकांपेक्षा ग्रंथालयातील इतर ग्रंथांतच त्यांचे मन अधिक रमे. इतिहास, अर्थशास्त्र, तर्कशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा परस्परांपासून दूरच्या विषयांचे वाचन त्यांनी याच काळात केले. आपल्या शालेय व महाविद्यालयीन शिक्षणाची परखड चिकित्सा त्यांनी पुढे एका दीर्घ लेखात केली आहे. तरुण वयातच पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. काही काळ शिक्षकाची नोकरी करून ती सोडली आणि 'भाषांतर' हे मासिक काढले. प्लेटोच्या 'रिपब्लिक'चा त्यांनी केलेला मराठी अनुवाद याच मासिकातला. मासिक अल्पकाळच चालले. आपले सर्व लेखन मराठीतच करण्याचा त्यांचा निश्चय मात्र अखेरपर्यंत टिकला.

साधनांचा शोध

वाई येथे पेशवेकालीन पत्रांचा एक संग्रह राजवाड्यांच्या हाती आला आणि त्यांच्या आयुष्याला निश्चित दिशा मिळाली. १७५० ते १७६१ या काळातील ही पत्रे 'साधनां'च्या पहिल्या खंडात १८९८ साली प्रसिद्ध झाली. पानिपतावर सदाशिवरावभाऊंचा पराभव कसा झाला, हे तोपर्यंत मराठी वाचकाला मुख्यतः बखरींवरून आणि ग्रँट डफच्या १८२६ च्या इंग्रजी इतिहासावरून ठाऊक होते. ग्रँट डफच्या ग्रंथाची चिकित्सा नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ मध्येच सुरू केली होती. राजवाडे त्यापुढे गेले. भाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना पाठविलेली पत्रे छापून झाल्यावर रसद, पैसा आणि नद्यांचे उतार यांची विवंचना प्रत्यक्ष त्या त्या दिवशीच्या शब्दांत समोर आली. बखरीतील नाट्यपूर्ण संवादांची आणि तिच्यातील तिथींची पडताळणी आता शक्य झाली. खंडाच्या विस्तृत प्रस्तावनेत राजवाड्यांनी ती केली व बखरींमधील चुका एकेक करून दाखविल्या.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. जुन्या मराठी पत्रावर बहुधा चंद्र व महिना असतो, वर्ष नसते. वर्ष असलेच तर ते सुहूर सनाचे, फसली किंवा शकाचे. म्हणून पत्रातील मायना, मोर्तब, अक्षराचे वळण, कागदाची जात, उल्लेखिलेल्या व्यक्ती व घटना हे सारे ताडून पाहिल्यावरच त्याचा काळ ठरविता येतो. मोडी अक्षर लावणे ही तर पहिलीच पायरी. राजवाडे दफ्तरांच्या शोधात गावोगाव हिंडले, बरेचदा पायी. जुन्या घराण्यांच्या माळ्यांवर पडलेली रुमाले त्यांनी सोडविली. काही ठिकाणी मालकांनी कागद दाखविण्यासच नकार दिला, तर काही ठिकाणी ते वाळवीच्या भक्ष्यस्थानी पडलेले आढळले.

काल, स्थल व व्यक्ती या तिन्हींची सांगड घालून प्रत्येक प्रसंग तपासावा, हे राजवाड्यांच्या पद्धतीचे सूत्र. त्यांच्या प्रस्तावनांतून फ्रेंच तत्त्वज्ञ ऑगस्ट काँत याच्या विचारांचा परिचय व प्रभाव दिसतो. इतिहास हे शास्त्र व्हायचे तर आधी साधने जमली पाहिजेत आणि मगच सिद्धांत मांडावा, ही भूमिका त्यांनी वारंवार घेतली. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्यासह राजवाडे तिच्या संस्थापकांपैकी होते. पुढे मतभेद होऊन ते मंडळापासून दूर झाले. त्यांच्या स्वभावातील तुटकपणा सहकाऱ्यांना अनेकदा जाचक ठरला.

भाषा व समाज

ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळवून त्यांनी १९०९ मध्ये ती संपादित केली व तिच्या भाषेचे स्वतंत्र व्याकरण लिहिले. महानुभावांच्या सांकेतिक लिपीचा उलगडा करून तो पंथाबाहेरील अभ्यासकांपुढे ठेवण्याचे कामही त्यांचेच. जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' (१९२२) आणि 'महिकावतीची बखर' (१९२४) या संपादनांच्या प्रस्तावना ही जवळजवळ स्वतंत्र पुस्तकेच आहेत. शहाजीराजांच्या कर्तृत्वाकडे नव्याने पाहण्यास त्यांपैकी पहिलीने चालना दिली.

'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' हे त्यांचे सर्वाधिक वादग्रस्त लेखन. विवाहाची आजची रीत अनादी नसून ती क्रमाक्रमाने घडत आली, हे त्यांनी वेद, महाभारत व यज्ञविधी यांतील उल्लेखांवरून मांडले. सनातनी वाचकांत त्यावर क्षोभ झाला. पुढे श्रीपाद अमृत डांगे यांनी प्राचीन भारतीय समाजावरील आपल्या ग्रंथात या मांडणीचा उपयोग केला.

याच टप्प्यावर राजवाड्यांच्या पद्धतीतील ताण स्पष्ट होतो. पत्राच्या तारखेबाबत कमालीचे काटेकोर असणारे राजवाडे व्युत्पत्तीच्या व वंशांच्या प्रश्नांत एखाद्या ध्वनिसाम्यावर मोठा सिद्धांत उभा करीत. जातिविषयक मतांच्या बाबतीत तर त्यांचे निष्कर्ष पुराव्यापेक्षा पूर्वग्रहाकडे अधिक झुकलेले आढळतात. चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयीच्या त्यांच्या विधानांना प्रबोधनकार ठाकरे यांनी 'कोदंडाचा टणत्कार' लिहून कठोर उत्तर दिले. वारकरी संतांनी समाजाला निष्क्रिय केले हे त्यांचे मतही अनेकांना मान्य झाले नाही. त्यांनी छापलेले कागद आजचे अभ्यासक वापरतात. त्यांचे सिद्धांत मात्र प्रत्येक वेळी नव्याने तपासून घ्यावे लागतात.

धुळ्यातील अखेरचा काळ

आयुष्याची अखेरची वर्षे राजवाड्यांनी धुळ्यात घालविली. तेथे भास्कर वामन भट यांच्यासारखे अनुयायी त्यांना लाभले, आणि समर्थ वाङ्मयाचे संशोधक शंकर श्रीकृष्ण देव हेही त्याच गावचे. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले होते. पश्चिम खानदेशात, धुळ्यात, राजवाडे धातू व शब्द यांची टिपणे जमवीत असताना पूर्व खानदेशातील अमळनेर येथे प्रतापशेठ यांनी स्थापिलेल्या तत्त्वज्ञान मंदिरात वेदान्ताचे अध्ययन चालू होते. ज्ञानाचे प्रमाण कोणते, या एकाच प्रश्नाची दोन अगदी निराळी उत्तरे शोधणारे लोक त्या काळी एकमेकांपासून काही कोसांवर वावरत होते.

मराठी धातूंचा कोश हे या काळातील मुख्य काम. ते छापून झालेले पाहण्यापूर्वीच ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे राजवाड्यांचे निधन झाले. त्यानंतर १९२७ मध्ये धुळ्यात त्यांच्या नावाने राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. मंडळाने 'धातुकोश' १९३७ मध्ये व 'नामादिशब्दव्युत्पत्तिकोश' त्यानंतर प्रसिद्ध केला. 'संशोधक' हे नियतकालिकही मंडळाने चालविले. विसाव्या शतकाच्या अखेरीस डॉ. मु. ब. शहा यांच्या संपादनाखाली राजवाड्यांचे समग्र साहित्य १३ खंडांत धुळ्याहूनच प्रकाशित झाले. त्यांनी जमविलेली कागदपत्रे, पोथ्या व हस्तलिखित टिपणे मंडळाच्या संग्रहात आहेत.