मूलकणांच्या पाऊलखुणा टिपणारा शास्त्रज्ञ

अणूहूनही सूक्ष्म असलेला कण डोळ्यांना दिसणे शक्य नाही. मात्र तो ज्या वाटेने गेला ती वाट दिसू शकते. ही किमया प्रथम साधली ती स्कॉटलंडच्या चार्ल्स थॉमसन रीस विल्सन यांनी. विशेष म्हणजे ते मूलकणांच्या नव्हे, तर ढगांच्या शोधात निघाले होते.

१४ फेब्रुवारी १८६९ रोजी एडिंबरोनजीकच्या ग्लेनकोर्स येथे एका मेंढपाळ शेतकऱ्याच्या घरी विल्सन यांचा जन्म झाला. ते चार वर्षांचे असताना वडिलांचे छत्र हरपले आणि कुटुंब मँचेस्टरला आले. कोलकात्यात व्यापार करणाऱ्या सावत्र भावाने आर्थिक भार उचलल्यामुळेच त्यांचे शिक्षण होऊ शकले. १८८८ मध्ये त्यांनी केंब्रिजमध्ये प्रवेश मिळवला.

सप्टेंबर १८९४ मध्ये बेन नेव्हिस या ब्रिटनमधील सर्वोच्च शिखरावरील वेधशाळेत त्यांनी दोन आठवडे काम केले. सूर्याभोवती उमटणारी रंगीत वलये आणि धुक्यावर पडलेल्या सावल्यांभोवतीची प्रभा पाहून ते भारावले. हे दृश्य प्रयोगशाळेत निर्माण करावे, या ध्यासाने १८९५ मध्ये कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांनी काचेच्या बंद पात्रातील दमट हवा एकाएकी प्रसरण पावू देण्याचे प्रयोग आरंभले. प्रसरणामुळे हवा थंड होऊन बाष्पाचे थेंब बनत. असे थेंब धूलिकणांभोवतीच जमतात, अशी तत्कालीन समजूत होती. परंतु धूलिकण पूर्णपणे काढून टाकल्यावरही, हवेचे आकारमान सुमारे सव्वापट होताच थेंब दिसू लागले. १८९६ मध्ये क्ष-किरण सोडताच तेथे दाट धुके दाटले. विद्युतभारित आयनांभोवतीही बाष्पाचे थेंब जमतात, हे यातून सिद्ध झाले.

याचा पुढचा अर्थ उमगून तो प्रत्यक्षात उतरण्यास तब्बल पंधरा वर्षे लागली. वेगवान भारित कण हवेतून जाताना मागे आयनांची माळ सोडतो. त्या माळेवर थेंब जमले, तर कणाचा मार्गच उमटेल, हे विल्सन यांनी ताडले. काचेची उपकरणे ते स्वहस्ते घडवत. ती वारंवार फुटत आणि ते शांतपणे पुन्हा आरंभ करत. अखेर १९११ मध्ये त्यांच्या बाष्पकोठीत, म्हणजेच क्लाउड चेंबरमध्ये, कणांचे शुभ्र मार्ग छायाचित्रात बद्ध झाले.

या उपकरणाने पदार्थविज्ञानाला जणू दृष्टी दिली. पॅट्रिक ब्लॅकेट यांनी वीस हजारांहून अधिक छायाचित्रे काढली. त्यांतील अवघ्या आठ टकरींमध्ये अल्फा कणाने नायट्रोजनच्या अणुकेंद्राचे रूपांतर घडवल्याचे १९२५ मध्ये दिसून आले. कार्ल अँडरसन यांना १९३२ मध्ये पॉझिट्रॉन सापडला तोही बाष्पकोठीतच. विल्सन यांना १९२७ चे नोबेल पारितोषिक आर्थर कॉम्प्टन यांच्यासमवेत मिळाले.

सन्मानानंतरही हा अबोल, संकोची संशोधक ढगांना विसरला नाही. वादळी मेघांतील विजेवरील त्यांचा अखेरचा शोधनिबंध १९५६ मध्ये, वयाच्या ८७ व्या वर्षी प्रसिद्ध झाला. १५ नोव्हेंबर १९५९ रोजी कारलॉप्स येथे त्यांचे निधन झाले.

बाष्पकोठीची जागा पुढे बुडबुडा कोठीने आणि नंतर इलेक्ट्रॉनिक शोधकांनी घेतली. जिनिव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेत २०१२ मध्ये हिग्ज बोसॉनचे अस्तित्वही थेट दिसले नाही. टकरींतून विखुरलेल्या कणांच्या मागावरूनच ते ओळखले गेले. अदृश्याला त्याच्या पाऊलखुणांवरून ओळखण्याचा हा मार्ग विल्सन यांनीच दाखवला होता.