सरळ नाकाचा हट्ट

हल्ली छोट्या गावातही ‘फिलर’ची पाटी दिसते. ती वाचली की मला हटकून ग्लॅडिस डीकन आठवते.

ही जन्मली १८८१ साली, पॅरिसमध्ये. आईवडील श्रीमंत अमेरिकन. ती जेमतेम अकरा वर्षांची असताना वडिलांनी आईच्या प्रियकराला गोळी घालून ठार केलं. बालपण असं. पोर मात्र हुशार, आणि रूप तर असं, की युरोपातले सरदार, लेखक, चित्रकार सगळे तिच्यावर फिदा! तिला स्वतःला मात्र एकच गोष्ट सलायची. कपाळ आणि नाक यांच्यामधली किंचित खोलगट जागा. तिला नाक हवं होतं ग्रीक पुतळ्यासारखं, सरळ.

१९०३ मध्ये, बाविसाव्या वर्षी, तिनं तिथं पॅराफिन टोचून घेतलं. म्हणजे आपलं मेणबत्तीचं मेण हो! व्हिएन्नाच्या डॉ. गेर्सुनींनी काही वर्षांपूर्वीच ही टूम काढली होती. मेण पातळ करून सुईनं आत सोडायचं, गार झालं की घट्ट. पण शरीर ते जिरवत नाही, आणि धड बाहेरही काढता येत नाही. ग्लॅडिसचं मेण सरकत हनुवटीकडे उतरलं, गाठी झाल्या.

१९८१ साली अमेरिकेत गाईच्या कातडीतल्या कोलॅजनच्या इंजेक्शनला मान्यता मिळाली. ते काही महिन्यांत जिरायचं, पण अ‍ॅलर्जीसाठी आधी हातावर चाचणी घ्यावी लागे. आताचं हायल्युरोनिक अ‍ॅसिड नको झालं तर दुसऱ्या इंजेक्शननं विरघळवता येतं. तरी सुई रक्तवाहिनीत गेली तर कातडी मरते, क्वचित दृष्टीही जाते, आणि नाकाची जागा त्यात फार नाजूक. म्हणून पार्लरमध्ये नव्हे, त्वचातज्ज्ञाकडेच जायचं. आत काय घालणार आणि ते विरघळतं का, हे आधी विचारायचं. विचारायला कसली लाज?

ग्लॅडिसनं चौदाव्या वर्षीच मनात धरलेला मार्लबरोचा ड्यूक, चर्चिल यांचा चुलतभाऊ, तिला मिळाला १९२१ मध्ये, चाळिशीत. संसार काही टिकला नाही. पुढे ती खेड्यात एकटी राहिली. शेवटची पंधरा वर्षं मनोरुग्णालयात गेली. १९७७ मध्ये, शहाण्णवाव्या वर्षी ती वारली.

इंग्लंडमधल्या ब्लेनिम राजवाड्याच्या दारावरच्या छतावर १९२८ साली रंगवलेले तिचे निळे डोळे अजून आहेत. त्यांना कुणी सुई लावली नव्हती.