माणसे घडविणारा शास्त्रज्ञ

मुंबईहून पश्चिम रेल्वेने उत्तरेकडे निघाले आणि वैतरणेचा पूल ओलांडला, म्हणजे गाडी पालघर तालुक्यात शिरते. पालघर व उमरोळी ही स्थानके मागे पडली, की बोईसर येते. तेथून पश्चिमेकडे समुद्रापर्यंत भातशेती आणि ताडाची झाडे पसरलेली आहेत. किनाऱ्याला मच्छीमारांची गावे आहेत आणि तारापूरचा जुना किल्ला आहे. याच किनाऱ्यावर भारतातील पहिले अणुवीजकेंद्र उभे राहिले. ज्यांच्या संकल्पातून ते उभे राहिले, त्या डॉ. होमी भाभांना मात्र ते पुरे झालेले पाहण्याचे भाग्य लाभले नाही.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत एका सुसंस्कृत पारशी कुटुंबात झाला. आजोबा म्हैसूर संस्थानात शिक्षण खात्याचे प्रमुख होते, वडील नामांकित कायदेपंडित होते आणि आत्या मेहेरबाई सर दोराबजी टाटांच्या घरी दिलेली होती. घरात उत्तम ग्रंथ होते, पाश्चात्य संगीताच्या तबकड्या होत्या. आत्याच्या घरी पोलादाच्या कारखान्यांच्या आणि जलविद्युतीच्या योजनांची बोलणी चालत, तीही या मुलाच्या कानांवर पडत. कॅथेड्रल शाळा, एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथील अभ्यास आटोपून १९२७ साली होमी केंब्रिजला गेले. त्यांनी यंत्रविद्येची पदवी घ्यावी आणि परत येऊन जमशेटपूरच्या पोलाद कारखान्यात जबाबदारीची जागा सांभाळावी, असा वडीलधाऱ्यांचा बेत होता.

परंतु केंब्रिजच्या वातावरणात त्या वेळी नव्या पदार्थविज्ञानाचे वारे वाहत होते. अणूच्या अंतरंगाविषयी रोज नवे काही कळत होते. होमींचे चित्त यंत्रांवरून उडाले आणि आपल्याला पदार्थविज्ञानच शिकायचे आहे, असे त्यांनी वडिलांना पत्राने कळविले. वडील रागावले नाहीत. त्यांनी एक अट घातली. आधी यंत्रविद्येची परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण व्हावयाची, मग गणिताच्या अभ्यासाचा खर्च आपण करू, असे त्यांनी सांगितले. मुलाने १९३० साली ती अट पुरी केली आणि १९३२ साली गणिताची परीक्षाही त्याच मानाने पार पाडली. नावडती यंत्रविद्या शिकण्यात गेलेली ती तीन वर्षे वाया गेली असे तेव्हा त्यांना वाटलेही असेल. पण पुढे अणुभट्ट्यांचे आराखडे टेबलावर पसरून अभियंत्यांशी बोलण्याची वेळ आली, तेव्हा ते ज्ञान त्यांना पावलोपावली कामी आले.

यानंतरची काही वर्षे शुद्ध संशोधनाची होती. इलेक्ट्रॉन व त्याचा धन विद्युतभाराचा जोडीदार पॉझिट्रॉन हे एकमेकांवर आदळून कसे विखुरतात, याचे गणित भाभांनी १९३५ साली मांडले. ती प्रक्रिया आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९३७ साली हाइटलर या शास्त्रज्ञाच्या सहकार्याने त्यांनी विश्वकिरणांच्या वर्षावाचा उलगडा केला. अवकाशातून आलेला एखादा वेगवान कण वातावरणात शिरला, की त्यापासून दोन, दोहोंपासून चार अशी कणांची वाढ होत जाते आणि जमिनीवर कणांची जणू सरच कोसळते. वयाच्या तिशीच्या आतच त्यांचे नाव युरोपातील विद्वानांत झाले आणि १९४१ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

१९३९ साली ते सुट्टीसाठी मायदेशी आले असता दुसरे महायुद्ध पेटले. केंब्रिजला परतणे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम स्वीकारले. तेथे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्यासारखा ज्येष्ठ सहकारी होता, विश्वकिरणांवर प्रयोग करण्याची सोय होती. युद्ध संपताच परत जायचे, हा विचार मात्र या पाच वर्षांत मावळत गेला. परदेशातील उत्तम विद्यापीठात एक खुर्ची मिळविणे त्यांना कठीण नव्हते. परंतु आपल्या देशात तशी विद्यापीठेच नाहीत, बुद्धिमान तरुणांना काम करावयास जागा नाही, हे त्यांना जवळून दिसले होते. मार्च १९४४ मध्ये त्यांनी दोराबजी टाटा विश्वस्तनिधीला एक पत्र लिहिले. पदार्थविज्ञानाच्या मूलभूत संशोधनासाठी एक संस्था काढावी, म्हणजे काही दशकांनी अणुशक्तीपासून वीज काढण्याची वेळ येईल, तेव्हा तज्ज्ञांसाठी देशाला परक्यांच्या तोंडाकडे पाहावे लागणार नाही, असा त्या पत्राचा आशय होता. हे लिहिले गेले, तेव्हा हिरोशिमावर बाँब पडण्यास सव्वा वर्षाहून अधिक अवधी होता, आणि हिंदुस्थान परतंत्र होता!

टाटा मूलभूत संशोधन संस्था १ जून १९४५ रोजी बंगलोर येथे सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईत पेडर रोडवरील केनिलवर्थ या बंगल्यात आली. तो बंगला भाभांच्या आत्याचा होता. स्वातंत्र्यानंतर, ऑगस्ट १९४८ मध्ये अणुशक्ती आयोग स्थापन झाला. पंडित नेहरूंनी त्याचे अध्यक्षपद अवघ्या अडतीस वर्षांच्या भाभांना दिले. १९५४ साली तुर्भे येथे अणुशक्ती प्रतिष्ठान उभे राहिले.

येथून भाभांच्या आयुष्याला वेगळे वळण लागले. आजवर एक कागद आणि एक पेन्सिल एवढेच त्यांचे साहित्य होते. आता जमीन, इमारती, अंदाजपत्रके, आयात परवाने आणि शेकडो माणसे यांची जबाबदारी त्यांच्यावर आली. १९५० नंतर त्यांचे स्वतःचे संशोधन विरळ होत गेले आणि पुढे थांबलेच. ज्याने रॉयल सोसायटीचा मान मिळविला, त्याने गणित बाजूला ठेवून फायली हाती घ्याव्यात, हा त्याग लहान नव्हे. भाभांना त्याची जाणीव नव्हती असे मानणे कठीण आहे. आपण स्वतः आणखी दहा निबंध लिहिण्यापेक्षा निबंध लिहू शकणारी शंभर माणसे तयार करणे देशाला अधिक हवे आहे, असा त्यांनी निर्णय केला आणि मग मागे वळून पाहिले नाही.

माणसे निवडण्याची त्यांची रीत सरकारी कचेऱ्यांना चमत्कारिक वाटे. कचेरीत आधी जागा मंजूर होतात आणि मग त्या भरण्यासाठी माणसे शोधतात. भाभा आधी माणूस शोधीत आणि त्याच्या गुणांना साजेसे काम त्याच्याभोवती उभे करीत. गणकयंत्राची गोष्ट घ्या. आज ज्याला आपण संगणक म्हणतो, ते यंत्र भारतात कोणी बनविलेले नव्हते. १९५४ च्या सुमारास आर. नरसिंहन हे तिशीही न गाठलेले संशोधक अमेरिकेतून परत आले. भाभांनी त्यांच्यावर ही कामगिरी सोपविली. हाताखालचे तरुण त्यांच्याहून नवखे. त्यांतील बहुतेकांनी गणकयंत्र हाताळलेलेही नव्हते. आधी १९५६ साली एक लहान नमुना तयार झाला आणि १९६० साली मोठे यंत्र चालू झाले. टिफ्रॅक हे त्याचे नाव. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि एवढ्या पसाऱ्याच्या स्मरणात केवळ २,०४८ संख्या मावत. पण यंत्राला आज्ञावली लिहून देण्याची विद्या या देशातील अनेकांनी त्याच्याजवळ बसूनच आत्मसात केली.

अणुभट्टीच्या बाबतीतही असेच घडले. अप्सरा ही आशियातील पहिल्या अणुभट्ट्यांपैकी एक भट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भे येथे कार्यान्वित झाली. तिचे इंधन तेवढे ब्रिटनमधून आले. आराखडा, पाण्याची टाकी, नियंत्रणाची उपकरणे हे सारे येथील मंडळींनी वर्षभरात सिद्ध केले. अशी माणसे सतत मिळत राहावीत, म्हणून १९५७ साली भाभांनी तुर्भ्याला प्रशिक्षण विद्यालय काढले. देशभरातून विज्ञानाचे व अभियांत्रिकीचे पदवीधर निवडावेत, त्यांना एक वर्ष अणुविज्ञान शिकवावे आणि लगेच कामाला लावावे, अशी ती योजना होती. होमी सेठना, राजा रामण्णा, ए. एस. राव अशा सहकाऱ्यांवर एकेक दालन सोपवून भाभा स्वतः वरून पाहत. पण पाहत मात्र बारकाईने. कामातील गबाळेपणा त्यांना खपत नसे. ते स्वतः चित्रे काढीत, त्यामुळे भिंतीचा रंग, बागेतील झाडांची मांडणी याविषयीही त्यांचा आग्रह असे. झाड आडवे आले म्हणून ते तोडू देण्यास ते राजी नसत.

त्यांच्यावर टीकाही झाली. एवढा पैसा आणि एवढी बुद्धिमान माणसे एकाच ठिकाणी गोळा केल्याने विद्यापीठे ओस पडतील, असे मेघनाद साहांसारख्या थोर शास्त्रज्ञाला वाटे. ती भीती अगदीच निराधार होती, असे आज म्हणता येणार नाही.

अणूपासून वीज काढण्याची वेळ आली, तेव्हा भाभांच्या विचारांची खरी कसोटी लागली. पश्चिम भारत कोळशाच्या खाणींपासून शेकडो मैल दूर आहे. बिहार-बंगालचा कोळसा आगगाडीने आणून वीज करणे महाग पडे. म्हणून पहिले केंद्र महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना वीज पुरवू शकेल अशा ठिकाणी, समुद्रकाठी असावे असे ठरले. अणू फुटला की उष्णता निघते, तिने पाण्याची वाफ होते, वाफेने चक्र फिरते आणि वीज निर्माण होते; ती वाफ पुन्हा थंड करण्यास अमाप पाणी लागते. तारापूरच्या किनाऱ्यावर ते होते, आणि बोईसरची रेल्वेही जवळ होती. कामावरील प्रमुख अभियंता म्हणून १९५९ साली नेमणूक झाली ती एम. आर. श्रीनिवासन यांची. अप्सरेच्या उभारणीत राबलेल्या या अभियंत्याचे वय तेव्हा होते एकोणतीस!

१९६० साली जगभरातील कंपन्यांकडून निविदा मागविल्या गेल्या आणि अखेर अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीची निवड झाली. १९६३ साली दोन्ही सरकारांचा करार झाला. ज्याने जन्मभर स्वावलंबनाचा पाठ दिला, त्याने भट्टी आणि तिचे इंधन दोन्ही परदेशातून आणावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. भाभांचा हिशेब निराळा होता. देशातील युरेनियम आणि केरळच्या वाळूतील थोरियम यांवर चालणाऱ्या भट्ट्यांचा दीर्घ कार्यक्रम त्यांनी आखलाच होता. पण त्याला अनेक वर्षे लागणार होती. अणुवीज भारतात परवडते हे आधी लोकांना दिसले पाहिजे आणि मोठे केंद्र चालविण्याचा अनुभव आपल्या तरुणांना मिळाला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. या निर्णयाची किंमतही द्यावी लागली. १९७४ च्या पोखरण येथील स्फोटानंतर अमेरिकेने इंधनाच्या बाबतीत हात आखडता घेतला. पुढे १९८२ साली फ्रान्सकडून ते आणण्याची व्यवस्था करावी लागली.

हे पाहण्यास भाभा राहिले नाहीत. १९६४ च्या ऑक्टोबरात तारापूरचे बांधकाम सुरू झाले. २४ जानेवारी १९६६ रोजी ते व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्थेच्या बैठकीस निघाले असता त्यांचे विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळले. ते छप्पन्न वर्षांचे होते. त्यांचे काम मात्र एक दिवसही खोळंबले नाही. अध्यक्षपद विक्रम साराभाईंकडे आले आणि तारापूरचे बांधकाम चालूच राहिले. १९६७ साली तुर्भ्याच्या प्रतिष्ठानाला भाभांचे नाव देण्यात आले.

ऑक्टोबर १९६९ मध्ये तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर मिळू लागली. भट्ट्या परदेशी असल्या, तरी त्या चालविणारे तरुण तुर्भ्याला शिकलेले होते. आरंभी त्यांना इंधनगळतीपासून वाफेच्या यंत्रणेपर्यंत अनेक अडचणी आल्या. दोन्ही भट्ट्यांची क्षमता प्रत्येकी २१० मेगावॅटवरून पुढे १६० वर आणावी लागली. त्या अडचणी सोडविता सोडविता जे शिक्षण झाले, ते कोणत्याही ग्रंथात मिळाले नसते. श्रीनिवासन पुढे अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष झाले. त्याच आवारात प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन भट्ट्या उभ्या राहिल्या. त्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण या गावांना आपली जागा सोडून दुसरीकडे वसावे लागले. या भट्ट्यांपैकी एक २००५ साली आणि दुसरी २००६ साली कार्यान्वित झाली. त्यांचा आराखडा आणि उभारणी ही भारतीय अभियंत्यांची होती.